पंचवीस नंबरचं लॉक

मशीन टेकचंद सरांनी बिघडवलं, असं करडी गावात अजूनही बोललं जातं. सरांना हे विधान साफ नामंजूर आहे. त्यांचं म्हणणं असं की मशीन बिघडलंच नव्हतं. मशीनचा एक भाग, तोही अंगठीएवढा, आपल्या मर्जीने निघून गेला. बिघडणं वेगळं आणि निघून जाणं वेगळं. एकतीस वर्षं हायस्कुलात भूमिती शिकवलेल्या माणसाला असले फरक कळतात. गावाला कळत नसतील तर त्याला सरांनी काय करावं?

मशीन होतं धान कापायचं. रीपर म्हणतात त्याला. पुढे दातेरी पाती, मागे इंजिन आणि दोन्ही हातांनी धरून चालवायच्या मुठी. यंदाच मंदाबाईंच्या महिला बचत गटाला ते योजनेतून मिळालं होतं. मंदाबाई म्हणजे सरांची बायको आणि गटाची अध्यक्ष. या मशीनसाठी तिने वर्षभर अर्ज केले होते, दोनदा भंडाऱ्याला जाऊन ते चालवायला शिकून आली होती, आणि गावातल्या अर्ध्या पुरुषांनी "बायका का मशीन चालवतीन जी?" म्हणून दात काढले होते. हलकं, म्हणजे लवकर येणारं, धान पिकून पिवळं झालं होतं. कापायला माणसं मिळत नव्हती. सोमवारी गटातल्या रिताच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मशीन उतरायचं ठरलं होतं, आणि दात काढणारे सगळे धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून बघायला येणार होते.

रविवारी सकाळी मंदाबाई गटाच्या बायकांना निरोप द्यायला गेली. मशीन अंगणात, सर ओसरीवर. खरं तर हे अंतर असंच राहायला हवं होतं. पण सरांना वाटलं, उद्या बायकोची परीक्षा, आपण जरा ग्रीस लावून द्यावं. हेतू किती शुद्ध होता ते पहा. पुढे सरांवर जे जे आरोप झाले, त्यांत या हेतूचा कुणी अर्ध्या शब्दानेही उल्लेख केला नाही.

ग्रीस लावायला पुली काढावी लागते, असं सरांचं मत पडलं. लागत नव्हती, पण मत एकदा पडलं की ते उचलून घेणारे सर नव्हेत. पुली म्हणजे पट्टा फिरवणारं चाक, एका लोखंडी दांड्यावर बसवलेलं. सरांनी नट शोधला. नट नव्हता. बोल्टही नव्हता. दांड्याच्या टोकाजवळ सुतळीएवढी बारीक एक खाच होती आणि तिच्यात बसलेली एक काळी कडी. कडी पूर्ण गोल नव्हती. एके ठिकाणी तिचं तोंड उघडं होतं आणि दोन्ही टोकांना एकेक बारीक भोक. सरांना पहिला राग इथे आला. एवढं मोठं चाक, एवढी त्याची गती, आणि धरून ठेवायला काय, तर अर्धवट सोडलेलं वर्तुळ! वर्गात कुणी असं वर्तुळ काढलं असतं तर सरांनी वही परत फेकली असती.

त्यांनी कडीच्या तोंडात पेचकस घातला आणि पिळला.

"टिंग!" असा बारीक आवाज झाला आणि कडी दिसेनाशी झाली. पडली नाही, दिसेनाशी झाली. सरांनी तिला जाताना पाहिलंच नाही.

पहिला अर्धा तास त्यांनी अंगण पाहिलं, दुसरा अर्धा तास गोठा. वैरण उपसली, तुळशीभोवतीची माती चाळली, म्हशीला दोनदा उठवून बसवलं. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचा सोमाजी डोकावला. सोमाजी हा दुसऱ्याच्या अडचणीचा वास चार घरांवरून घेणारा माणूस.

"का हरपलं जी सर?"

"काही नाही. एक कडी आहे."

"सोन्याची?"

"लोखंडाची."

"मंग त्या म्हशीले काहून तरास देऊन राहिले?"

सोमाजीने सल्ला दिला की लोखंड आहे तर चुंबक फिरवा, आणि फुटक्या स्पीकरमधला चुंबक आणूनही दिला. सरांनी तो दोरीला बांधून अंगणभर ओढला. चुंबकाला तीन खिळे, करवतीचा तुकडा, एक दाभण आणि दाढीच्या रेझरची जुनी पाती चिकटली. कडी नाही. ओढताना रस्त्याने जाणाऱ्या दोघा माजी विद्यार्थ्यांनी "नमस्कार सर" म्हटलं आणि थोडं पुढे जाऊन हसले. सरांनी दोघांचीही नावं लक्षात ठेवली.

"तार बांधा," सोमाजीचा दुसरा सल्ला. "चार येढे मारा अन् पिळा घट्ट. का होते त्याले? कडी का, तार का, लोखंडच होय न!"

मंदाबाई परत येईपर्यंत तार बांधून झाली होती आणि वर ग्रीसही भरपूर थापलं होतं, म्हणजे तार दिसू नये. सरांनी तिला काही सांगितलं नाही. लपवलं असं म्हणता येणार नाही. तिने विचारलं नाही.

सोमवारी रिताच्या बांधीत मशीन सुरू झालं. मंदाबाईने पदर खोचला, मुठी धरल्या आणि धानात घुसली. पाती खडखडली, धान एका बाजूला शिस्तीत आडवं पडू लागलं, कडपांची, म्हणजे कापलेल्या पेंढ्यांची, सरळ रांग लागली. धुऱ्यावरचे पुरुष नीट दिसावं म्हणून उठून उभे राहिले. सरांचा ऊर भरून आला. तो भरून आलेला होता तेवढ्यातच तार तुटली. पुली दांड्यावरून सुटली, उडी मारून धुऱ्यावर चढली आणि प्रेक्षकांच्या मधून घरंगळत पलीकडच्या पाटात गेली.

"चाक तं चालूनच राहिलं," कुणीतरी म्हणालं, "मशीन काहून थांबली?"

मंदाबाई वाकली. ग्रीसमधून तुटक्या तारेचं टोक ओढून काढलं आणि वर धरलं. मग तिने सरांकडे पाहिलं. बोलली काहीच नाही. विळा उचलला आणि बाकीच्या बायकांबरोबर हातानेच कापायला लागली. सरांना तिच्या बोलण्याची तीस वर्षांची सवय होती. न बोलण्याची नव्हती.

मंगळवारी सर मोहाडीला गेले. हार्डवेअरच्या दुकानात त्यांनी रुबाबात सांगितलं, "मशीनची पुली अडवायची कडी द्या." दुकानदाराने साखळीच्या कड्या दाखवल्या. सरांनी आकार हवेत काढून दाखवला. "लॉक पायजे म्हणा न मंग!" असं म्हणून दुकानदाराने कुलपं समोर मांडली, आणि त्यातलं एक कसं न तुटणारं आहे ते सांगू लागला. शेवटी सरांनी कागद मागून आकृती काढली, केंद्रबिंदूसह. ती पाहून मागे उभा असलेला एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, "अरे, सर्क्लिप म्हणून राहिले हे. पण आपण बी लॉकच म्हणतो त्याले."

"कितीचं?" दुकानदाराने विचारलं.

दांडा सरांनी मोजलेला होता. "पंचवीस मिलिमीटर." हे सांगताना त्यांना दोन दिवसांत प्रथमच बरं वाटलं. पंचवीसचं लॉक मिळालं. काळं, चकचकीत, उघड्या तोंडाचं. फक्त याची भोकं असलेली दोन टोकं आत वळलेली होती, आणि हरवलेल्या लॉकची बाहेर. एवढा बारीक तपशील कोण पाहतो?

बांधीतून मशीन आणि पाटातून पुली घरी आणलेली होती, पण ते लॉक दांड्यावर जाईना. सरांनी पेचकस घातला, पक्कड लावली, मशीनवर गुडघा टेकवला. सोमाजीने कुंपणावरून सांगितलं की तापवून पहा. तापवल्यावर ते दांड्यावर गेलं, पण खाचेत बसेना. ढिलं होऊन नुसतं लोंबकळू लागलं. सर ते पुन्हा काढायला गेल्यावर पक्कड निसटली, लॉक उडालं आणि थेट चष्म्याच्या उजव्या काचेवर बसलं. काच मधोमध तडकली. चष्मा नसता तर काय झालं असतं, हा विचार करून सरांनी चष्मा दोनदा काढून परत लावला. मग त्या भीतीचा राग झाला आणि ते ओरडले, "या कंपनीवर खटला भरला पाहिजे!"

मंदाबाई चुलीपाशी होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

बुधवारी सर भंडाऱ्याला, मशीनच्या कंपनीच्या सेवा केंद्रात. तिथे अमर नावाचा एक अतिशय गोड बोलणारा गृहस्थ बसलेला होता.

"वॉरंटी आहे सर. लॉक फ्री मिळन. जुना पार्ट द्या."

"जुना पार्ट हरवला, म्हणून तर नवीन पाहिजे."

"बरोबर आहे सर. पण जुना पार्ट जमा केल्याशिवाय नवीन देता येत नाही."

"अहो, तो असता तर मी तोच नसता का बसवला?"

अमर यावर खरंच विचारात पडला. मग म्हणाला, "हरवला असल तं प्रतिज्ञापत्र आणा."

गुरुवारी सर पुन्हा मोहाडीला, बाबूलाल अर्जनविसाच्या टेबलापाशी. बाबूलालने आयुष्यभर जमिनींची आणि वारसांची प्रतिज्ञापत्रं लिहिली होती. त्याने गंभीरपणे चष्मा लावला.

"हरपलेल्या वस्तूचं वर्णन?"

"गोल," सर म्हणाले. "म्हणजे पूर्ण गोल नाही. तोंड उघडं आहे."

"तोंड उघडे असलेली," बाबूलालने लिहिलं. "वर्ण?"

"काळा."

"ओळखीची खूण?"

"दोन्ही टोकांना भोकं."

"घर सोडून गेली तेव्हा हजर कोण होतं?"

"बाबूलाल, ती कडी आहे!"

"मजकूर ठरलेला राहते जी सर. हजर कोण?"

"मी. आणि म्हैस."

"संशय कोणावर?"

सर आपल्या चपलांकडे पाहू लागले. बाबूलालने थोडी वाट पाहिली आणि प्रामाणिकपणे लिहिलं, "अर्जदार स्वतः."

ते प्रतिज्ञापत्र घेऊन सर त्याच दुपारी भंडाऱ्याला गेले. अमरने ते दोनदा वाचलं, फार चांगलं लिहिलंय म्हणाला, आणि मग बोट ठेवलं. मशीन गटाच्या नावावर होतं. अर्ज सरांच्या नावाने होता. तेव्हा गटाच्या सभेचा ठराव लागणार, अध्यक्षांच्या सहीने.

आता पहा. ज्या बाईशी गेले चार दिवस बोलणं नाही, तिच्याकडे जाऊन सभा बोलवा म्हणायचं. सरांनी ते जेवताना म्हटलं, ताटाकडे बघून. मंदाबाईने होकाराची मान डोलावली. शुक्रवारी सभा झाली, सरांच्याच ओसरीवर. सर आतल्या खोलीत पेपर वाचत होते, म्हणजे उघडलेला पेपर धरून भिंतीला कान लावून बसले होते. हातांनी धान कापून बायका दमलेल्या होत्या. रिताची कंबर धरली होती. तिच्या बांधीचा निम्मा तुकडा अजून उभा होता आणि दाणा झडायला लागला होता. कुणीतरी म्हणालं, मशीन अध्यक्षाच्या घरी ठेवाचंच नाही. आणखी कुणी म्हणालं, मंग अध्यक्षच बदला. मग मंदाबाईचा आवाज आला, सरळ, "बदलाचं असन तं बदला. पण आधी मशीन चालू करू."

आणि ठराव वाचून दाखवला गेला: "अध्यक्षांच्या पतीने विनाकारण हस्तक्षेप केल्यामुळे..." 'विनाकारण' या शब्दावर सरांनी पेपर खाली ठेवला. ग्रीसचं कारण होतं की! पण बाहेर जाऊन सांगायची हिंमत झाली नाही. आपल्या एका टिंग आवाजाने बायकोचं वर्षभराचं काम पणाला लागलं, हे भिंतीला लावलेल्या कानाने नीट ऐकलं होतं.

शनिवारी ठराव अमरच्या हातात पडला. अमरने शिक्का मारला, हसला आणि म्हणाला, "झालं सर! पंधरा-वीस दिवसात पार्ट येऊन जाईल."

सर त्यानंतर काय बोलले ते सेवा केंद्रातली माणसं अजून आठवतात. सर चिडले की पुस्तकी मराठी बोलतात, आणि त्या दिवशी त्यांनी 'निर्लज्ज', 'अक्षम्य' आणि 'कृषिसंस्कृतीचा उपहास' हे शब्द एकाच वाक्यात वापरले. पंधरा दिवसांत उभं धान मातीत जाईल! अमरने पाणी आणून दिलं.

गावात परतल्यावर ते घरी गेले नाहीत. सोमाजीच्या अंगणात खाटेवर बसले आणि सगळं पहिल्यापासून सांगू लागले. सोमाजी मान हलवत होता. त्याची मुलगी उर्वशी, चिखल्याला नोकरी करणारी, दोन दिवसांच्या सुट्टीवर आली होती. ती उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होती. नववीत सरांच्या वर्गात होती. भूमितीत कशीबशी पास.

"सर, लॉक आतलं आणलं होतं का बाहेरलं?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"ज्याचे कान, ते भोकं असलेले टोकं, आत राहते ते भोकात बसवाचं असते, आतून. दांड्यावर बसवाले कान बाहेर असलेलं लागते. आतल्याले दाबून बसवा लागते, बाहेरल्याले फाकवून. तुम्ही आतलं लॉक बाहेरून बसवून राहिले होते."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. "तुला हे कसं माहीत?"

"मी खाणीच्या वर्कशॉपात फिटर आहे न सर. दिवसाचे तीस-चाळीस बसवते."

"मला वाटलं तू तिकडे टायपिंग करतेस."

"सगळ्याइले तसंच वाटते," उर्वशी म्हणाली आणि शेंग सोलली.

सर हळूहळू सोमाजीकडे वळले. "सोमाजी. तू मला चुंबक दिलास. तार बांधायला लावलंस. लॉक तापवायला सांगितलंस. आणि तुझ्या घरात फिटर आहे?"

"तुमी कधी इचारलं?" सोमाजी खरोखर दुखावला. "तुमी मले सल्ला मागला, मी माह्या डोक्यातला दिला. तिच्या डोक्यातला मी कसा देऊ?"

सोमाजीचा पंप पाच वर्षांत एकदाही बंद का पडला नव्हता, ते सरांना त्या क्षणी कळलं. संताप इतका झाला की शब्दच सापडेना, पुस्तकातलाही नाही.

रविवारी सकाळी उर्वशी पिशवी घेऊन रिताच्या बांधीत आली. पिशवीत लहानमोठ्या लॉकांची डबी, टोकं सुईसारखी असलेली एक पक्कड आणि डोळ्यांवर लावायचा जाड चष्मा. सर लांब उभे होते. मंदाबाई आणि बायका पुन्हा बांधीत आणलेल्या मशीनभोवती. उर्वशीने पंचवीसचं बाहेरचं लॉक काढलं, पुली दांड्यावर चढवली आणि हाक मारली, "सर, या."

"मी कशाला?"

"निघालं तुमच्या हातानं. बसन बी तुमच्याच हातानं. नाही तं पुढच्या बारीले पुन्हा पेचकस घालान."

बायका हसल्या. सर पुढे झाले. उर्वशीने त्यांना जाड चष्मा लावायला दिला आणि लॉक तळहातावर ठेवलं. "बोट फिरवून पाहा. एक कड गोलसर आहे, दुसरी धारेची. धारेची बाहेर येऊ द्या. चाक आतून जोर लावते, धार बाहेरून धरून ठेवते. अन् पक्कड दाबान तं लागन तेवढंच फाकवा. जास्त फाकलं का त्याची कमान मरते, मंग ते धरत नाही."

"पण हे खाचेपेक्षा लहान दिसतं," सर म्हणाले. भूमितीच्या माणसाला ते दिसलंच.

"लहानच पायजे. म्हणूनच तं आवळून बसते."

पहिल्या खेपेला पक्कड भोकातून निसटली आणि लॉक उर्वशीच्या तळव्यात पडलं. तिने तो आधीच समोर धरलेला होता. दुसऱ्या खेपेला लॉक दांड्यावर गेलं, पण खाचेच्या अलीकडेच थांबलं, तिरकं. सरांच्या कपाळावर घाम आला. धुऱ्यावर पुन्हा पुरुष जमले होते. तिसऱ्या खेपेला सरांनी श्वास धरला, लागेल तेवढंच फाकवलं, पुढे सरकवलं आणि सोडलं.

"टच!"

लहानसा आवाज. उर्वशीने पेचकसाच्या टोकाने लॉक खाचेत गोल फिरवून पाहिलं. ते सगळीकडून फिरलं, कुठेही वर आलं नाही. "बसलं," ती म्हणाली.

सरांनी सभोवार पाहिलं. इतकी अचूक गोष्ट त्यांनी सेवानिवृत्तीनंतर प्रथमच केली होती. टाळ्या नकोत, पण निदान एखादा 'वा' तरी? पण मंदाबाईने तोवर दोरी ओढून इंजिन सुरू केलं होतं, रिता पुढे धावून धान सारखं करत होती आणि बाकीच्या बायका आपापल्या बांधीचा नंबर ठरवायला भांडत होत्या. सरांकडे कुणी पाहत नव्हतं. त्यांना भयंकर राग आला. तो राग घेऊन ते धुऱ्यावर बसले आणि दुपारपर्यंत उठले नाहीत. मशीन थांबलं नाही. रिताचं उरलेलं धान आडवं झालं, मग शेजारच्या बांधीतलं, मग त्याच्या पलीकडचं. अध्यक्ष बदलायचा विषय कुणी काढला नाही.

दुपारी मंदाबाई मशीन बंद करून घाम पुसत धुऱ्यावर आली आणि डब्यातली भाकर सरांसमोर ठेवली. आठवड्याभराने ती बोलली.

"अजी, तुमचा चष्मा फुटला तेव्हा डोळ्याले काही लागलं तं नव्हतं न?"

"नाही," ते म्हणाले. मग भाकर मोडली.

"उर्वशी एक पक्कड अन् तो जाड चष्मा ठेवून जाते म्हणे आपल्या घरी," मंदाबाई म्हणाली. "गटाच्या नावानं. पण मशीनले हात लावाच्या आधी मले इचाराचं."

"विचारीन," सर म्हणाले. हे विचारणंही विनाकारणच, असं त्यांना वाटलं, पण ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

सोमवारी सकाळी सर दात घासत होते तेव्हा अंगणात गावातला टिकाराम पंपाची मोटर खांद्यावर घेऊन उभा होता. त्याच्यामागे एक बाई मिक्सरचं भांडं घेऊन, आणि कुंपणाशी एकजण उलट्या सायकलीसकट.

"सर, थोडं लॉक बसवून देता का जी?"

सरांनी तोंडातलं पाणी थुंकलं. एकतीस वर्षं भूमिती शिकवलेला माणूस! या गावात विद्वत्तेची हीच का कदर? मी काय मिस्तरी आहे? उद्या कुणी म्हैस घेऊन येईल! हे सगळं ते मोठ्याने आणि शुद्ध मराठीत बोलले. टिकारामने शांतपणे ऐकून घेतलं आणि मोटर ओट्यावर ठेवली.

सर आत गेले, पक्कड आणि जाड चष्मा घेऊन बाहेर आले, ओट्यावर बसले आणि करड्या आवाजात विचारलं,

"आतलं का बाहेरलं?"